जागरातून उठून गेलेला थेडी

१

जपमाळ संपली, शेवटचं 'आमेन' झालं, आणि गुडघे चोळत सगळे उठून बघतात तर पलंग रिकामा!

कालपासून त्या पलंगावर थेडी गॅव्हन मरून पडला होता. निळा सूट, गुळगुळीत दाढी, बोटांत गुंफलेली माळ, असा जिवंतपणी कधी नव्हता इतका नीटनेटका. आता तिथे उशीवर डोक्याचा खळगा तेवढा उरला होता. अंगाखालची पांढरी गोधडीही थेडीबरोबरच गेली होती. पलंगामागची खिडकी बंद होती आणि तिची कडी आतून लावलेली होती. खोलीला दार एकच आणि त्यात माणसं इतकी दाटलेली, की मांजरालाही वाट मिळाली नसती.

बॅलिनवारात मयताला एकटं सोडत नाहीत. माणूस गेला की गाव त्याच्या घरी जमतं, चहा होतो, हॅमचे सँडविच होतात, गेलेल्याच्या लबाड्या आठवून पोट धरून हसणं होतं, आणि मातीला नेईपर्यंत कुणीतरी त्याच्या उशाशी जागत असतंच; हाच जागर. या वेळी तर वीस माणसं होती. त्यांत पलंगापासून हातभर अंतरावर गावचा सार्जंट फिंटन मुलकेरिन होता. म्हणजे साक्षात कायद्याच्या नाकासमोरून मुडदा पसार झाला होता.

"अरे देवा," कुणीतरी म्हणालं.

"चहा टाका," थेडीची बायको डेलिया म्हणाली.

इतक्यात अंगणात फोनवर बोलत उभा असलेला त्यांचा मुलगा कॉर्मॅक आत घुसला. कॉर्मॅक जमिनी-घरं लिलावात विकायचा आणि या खेपेला जिल्हा मंडळाच्या निवडणुकीला उभा होता. बापाच्या मयतीला मंत्री येणार, म्हणून त्याने चर्चचं आवार रंगवून घेतलं होतं.

"माझा बाप चोरीला गेलाय आणि तुम्ही चहा पिताय?" तो किंचाळला. "मुलकेरिन, परवा शनिवारी अकराला चर्चमध्ये मिस्सा आहे. मंत्र्यांसमोर मी काय रिकामी पेटी ठेवू?"

मुलकेरिनने तोंड उघडायच्या आत त्याचा फोन वाजला. पलीकडे सुपरिंटेंडंट हॅनली होते. वाईट बातमीला पाय नसतात, पंख असतात.

"मुलकेरिन, दोन वर्षं मी तुझं ठाणं बंद करायचं म्हणतोय आणि तू रडून-भेकून थांबवतोयस," हॅनली म्हणाले. "शनिवारी अकरापर्यंत तुझ्या हाताने मुडदा सापडला, तर ठाणं राहील. नाहीतर कुलूप! ज्याला मेलेला माणूस सांभाळता येत नाही, त्याच्या हाती जिवंत माणसं कशाला द्यायची?"

२

ठाणं म्हणजे एक खोली, एक किटली, आणि आठवड्यापूर्वी डब्लिनहून आलेली गार्डा, म्हणजे पोलीस शिपाई, डर्वला टूही. हे ठाणं ठेवण्याच्या लायकीचं आहे का, हे बघायलाच हॅनलींनी तिला पाठवलं होतं आणि तिने ते पहिल्याच दिवशी मुलकेरिनला सांगून टाकलं होतं. तिला लपवाछपवी जमत नसे. तिच्या बुटांत तोंड दिसायचं. मुलकेरिनच्या बुटांवर शेण नसेल तो दिवस सणाचा. ती कलमं घडाघडा म्हणायची आणि त्याला गावातल्या प्रत्येक मेंढीचा खानदानी इतिहास पाठ होता. दोघांचं एवढ्याच गोष्टीवर एकमत होतं, की दुसरा जरा वेडा आहे.

"सार्जंट, आधी संशयित," शुक्रवारी सकाळी ती म्हणाली.

"आधी चहा," मुलकेरिन म्हणाला. मग चहा झाला, आणि मग संशयित.

कॉर्मॅकचं बोट थेट शेजारच्या जार्लथ कॉइनकडे होतं. जार्लथचं आणि थेडीचं बांधाच्या दगडी भिंतीवरून वीस वर्षं हाडवैर. 'थेडीच्या थडग्यावर नाचेन' असं त्याने भर बाजारात सांगितलेलं.

जार्लथ गोठ्यात होता. त्याने मान वर न करता विचारलं, "काय, सापडला का म्हातारा?"

"तू काल कुठे होतास?" मुलकेरिनने विचारलं.

"त्याच्या घरात मी पाऊल ठेवलेलं नाही. वीस वर्षांत नाही आणि कालही नाही. विचार कुणालाही."

"तुम्ही त्यांच्या थडग्यावर नाचणार होतात ना?" डर्वला म्हणाली.

"हो तर! पण त्यासाठी आधी थडगं नको का, बाई?" जार्लथ म्हणाला. "तो असा फिरत राहिला तर मी नाचू कुठे?"

बाहेर आल्यावर डर्वला म्हणाली, "खोटं बोलतोय."

"जार्लथ कॉइन शिव्या देईल, दगड मारेल. खोटं बोलायचा त्याला कंटाळा आहे." मुलकेरिनने टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "तो घरात आला नाही हे खरंच आहे. आता घरात वीस माणसं होती. ती सगळी थेडीकडे बघत होती. मीही होतो."

डर्वला थांबली. "सार्जंट, तुम्ही स्वतः त्याला शेवटचं कधी पाहिलंत?"

"माळ सुरू व्हायच्या आधी," मुलकेरिन म्हणाला आणि गाडीकडे वळला.

३

गॅव्हनच्या घरात डर्वलाने कालच्यापैकी मिळाली तेवढी माणसं गोळा केली आणि मुलकेरिनला म्हणाली, "काल जसे होतात तसे बसा. अगदी तसेच."

"त्यात काय बघायचंय? प्रार्थनेला बसतात तसे बसलो होतो."

"आमच्या घरी कुणी प्रार्थनेला बसत नाही. मला दाखवा."

मुलकेरिनने सुस्कारा टाकला, खुर्ची ओढली, आणि बॅलिनवारात बाप-आजे बसत आले तसा बसला. खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकले, कोपरं खुर्चीच्या बैठकीवर ठेवली आणि कपाळ हातात घेतलं. बाकीचेही आपापल्या खुर्चीकडे वळले. भिंतीला लागून गोलाकार खुर्च्या, त्यांच्यात खुपसलेली डोकी, आणि मधोमध पलंग.

मग डर्वलाचा आवाज आला. नेमका कुठून, ते मुलकेरिनला कळेना.

"सार्जंट, मी आता काय करतेय?"

"मला काय माहीत? मला खुर्ची दिसतेय," मुलकेरिन म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याच्या कानाची पाळी लालबुंद झाली.

तो वळला. डर्वला बूट काढून पलंगावर आडवी पडली होती आणि छताकडे बघत होती.

"म्हणजे वीस माणसं खोलीत होती," ती म्हणाली, "आणि एकाचाही डोळा मयतावर नव्हता. वर सगळे मिळून मोठ्याने म्हणत होतात. किती वेळ?"

"नेहमी पंधरा-वीस मिनिटं. काल जास्त चाललं." मुलकेरिनचे गुडघे अजून दुखत होते. "माळ संपल्यावर वरच्या प्रार्थना असतात ना, त्या संपेनात. आजाऱ्यांसाठी झाली, प्रवाशांसाठी झाली, मग खलाशांसाठी, मग वादळात सापडलेल्या होड्यांसाठी. मला वाटलं आता मासळीसाठीही होते की काय!"

जन्मभर तो असाच बसत आला होता. पाठ वळवून बसतो, हे त्याला कुणी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. डोळ्यांत भरण्यासारखी गोष्ट, पण डोळेच तिकडे नव्हते. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की बोलायची सोय नाही.

"थेडी शेवटी-शेवटी काडी झाला होता," तो पुटपुटला. "गोधडीसकट खिडकीतून सरकवला तर दोन माणसांना जड नाही. पण कडी आतून लावली होती. म्हणजे आतलं कुणीतरी सामील होतं. खिडकीला हात पोचेल असं, पलंगाच्या उशाशी बसलेलं."

"उशाशी कोण होतं?"

"माळ सांगणारं. काल फादरांना यायला उशीर झाला, म्हणून…"

तो थांबला. दारात चहाची थाळी घेऊन डेलिया उभी होती. तिने दोघांकडे पाहिलं, थाळी खाली ठेवली आणि निघून गेली.

४

"अटक करायची?" गाडीत बसताच डर्वलाने विचारलं.

"डेलियाला? चहा पाजल्याबद्दल?" मुलकेरिनने गाडी सुरू केली. "तिने दिला कुणाला, ते आधी कळू दे. तू काल रस्त्यावर होतीस. काय दिसलं?"

"सांगितलं होतं की! दुकानाची पावाची व्हॅन धक्क्याकडे गेली. आत दोघे होते, एक मान खाली घालून. जुलै महिन्यात चालवणाऱ्याच्या तोंडाला मफलर आणि टोपी डोळ्यांपर्यंत."

त्या व्हॅनची किल्ली कायम आतच असते. ज्याला लागेल तो नेतो आणि आणून लावतो. त्यामुळे व्हॅनवरून माणूस सापडणं कठीण.

समोरून एक ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्याने चाकावरचा हात न हलवता एक बोट वर केलं. मुलकेरिननेही केलं. डर्वलाचा चेहरा आंबट झाला.

"तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली. "सार्जंट, आठवडाभर मी ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं. जो येतो तो मला बोट दाखवतो! म्हातारे, बायका, परवा तर फादरनी दाखवलं. राजधानीची म्हणून एवढा राग?"

मुलकेरिनने गाडी कडेला घेतली, कारण हसू आवरेना.

"अगं पोरी, तो नमस्कार आहे! समोरून येणारा ओळखीचा असो-नसो, बोट वर करायचं. न करणारा एकतर परदेशी, नाहीतर मेलेला."

डर्वला म्हणाली, "मग त्या मफलरवाल्यानेही नमस्कारच केला म्हणायचा."

मुलकेरिनचं हसू खाडकन थांबलं. "काय? त्याने बोट वर केलं?"

"हो. तोंड लपवून, मुडदा घेऊन, पोलिसाला नमस्कार!"

"गावचाच आहे तर. हाताला सवय, डोकं काय करणार? नीट आठव. कुठलं बोट?"

"अंगठ्याजवळचं. पण अर्धंच. मला वाटलं, चिडवायला वाकवलं असेल."

"वाकवलं नव्हतं," मुलकेरिन म्हणाला. "ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं होडीच्या दोरखंडाने नेलं. तुला बोटीत मळमळतं का गं?"

५

इनिशदारा बेटावर जाणारी होडी एकच आणि नावाडी एकच, फेस्टी. त्यामुळे चोराचा माग काढायला चोरालाच भाडं द्यावं लागलं.

"काय फेस्टी, काल फेरी झाली म्हणे उशिरा," मुलकेरिन टेकून बसत म्हणाला.

"झाली," फेस्टी म्हणाला.

"काय होतं?"

"सामान."

"जड?"

"बोलकं नव्हतं."

डर्वला कठडा धरून हिरवी पडली होती, तरी तिने विचारलं, "आणि दुसरा माणूस कोण होता?"

फेस्टीने समुद्राकडे तोंड केलं. "बाई, त्याने मला शपथ घातलीय. लोकांना कळलं की थेडीचे पाय त्याने छातीशी धरून नेले, तर उद्यापासून बांधावर त्याला कोण घाबरेल?"

मुलकेरिनच्या डोळ्यांसमोर गोठ्यातला जार्लथ आला. घरात पाऊल ठेवलं नाही म्हणाला होता. खिडकीबाहेर उभ्या माणसाला घरात पाऊल ठेवायची गरजच काय! मरणाबरोबर वैर संपतं म्हणतात. इथे तर ते मयताला खांदा देऊन मोकळं झालं होतं.

बाकीचं डेलियाने निघतानाच सांगितलं होतं. ती धक्क्यापर्यंत मागून आली होती. थेडीची थोरली बहीण सबीना बेटावर राहायची. नव्वदी उलटलेली, कंबर गेलेली. होडीत बसवायला डॉक्टरांची बंदी. थेडी चार वर्षं अंथरुणाला खिळलेला. 'पेटी बंद व्हायच्या आधी मला सबीनाला दाखव,' एवढंच त्याने मरताना मागितलं होतं. डेलियाने शब्द दिला. कॉर्मॅकला विचारलं तर तो म्हणाला, आत्याला कॉम्प्युटरवर दाखवू.

"कॉम्प्युटरवर!" डेलिया म्हणाली होती. "मी त्याला शब्द दिला होता, सार्जंट. आता तुला जे करायचं ते कर. फक्त त्या दोघांना काही नको. विचार माझा होता."

६

सबीनाच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या लाकडी बाकावर थेडी पडला होता. अंगावर गोधडी. बेटावरची सात-आठ माणसं चहा पीत होती. सबीना खुर्ची लावून त्याचे केस विंचरत होती आणि बोलत होती.

"दर उन्हाळ्यात येतो, येतो. आलास तो असा! आणि हा भांग कुणी पाडला? उजवीकडे? तुझा भांग डावीकडे, हे त्या डेलियाला साठ वर्षांत कळलं नाही?" तिने वर पाहिलं. "तू मुलकेरिन ना? तुझी आजी इथलीच. बस. ही पोरगी का हिरवी झालीय? तिला पाव द्या."

मुलकेरिन बसला.

"न्यायला आलायस," सबीना म्हणाली. "ने. पण उद्या सकाळच्या भरतीला ने. हा झाला तेव्हा आईच्या आधी मी मांडीवर घेतलाय याला. आजचा दिवस राहू दे माझ्याकडे."

नेमका तेव्हाच फोन वाजला. त्या घरात फोन फक्त खिडकीजवळच्या स्टुलावर उभं राहिलं तरच लागतो. मुलकेरिन स्टुलावर चढला.

"मुलकेरिन!" हॅनलींचा आवाज. "कॉर्मॅक माझ्याशेजारी बसलाय. शववाहिका तयार आहे. कुठे ते सांग, आत्ताच्या आत्ता निघतो. चोरांनाही सोडणार नाही म्हणतोय. सापडला का?"

एक शब्द, 'हो', आणि ठाणं वाचलं असतं. सत्तावीस वर्षांची किटली, ती खोली, तो रस्ता. नाहीतर उरलेली नोकरी शहरात टेबलामागे, पासपोर्टच्या रांगा मोजत. मुलकेरिनला ठाणं हवं होतं, मनापासून हवं होतं. त्याने खाली पाहिलं. सबीना भांगाची रेघ बोटाने सरळ करत होती.

"नाही, सर," तो म्हणाला. "अजून नाही."

हॅनली म्हणाले, "टूहीला दे. ती खोटं बोलत नाही."

मुलकेरिन उतरला. डर्वला पावाचा तुकडा हातात घेऊनच स्टुलावर चढली. तिने थेडीकडे पाहिलं, सबीनाकडे पाहिलं, आणि ताठ उभी राहिली.

"सर, तक्रार चोरीची आहे," ती म्हणाली. "कायद्याने मृतदेह कुणाच्याच मालकीचा नसतो. जे कुणाचंच नाही त्याची चोरी होत नाही. चोरी झाली नाही तर चोर नाहीत, आणि माल सापडण्याचा प्रश्नही नाही. दफनात अडथळा आणणं गुन्हा आहे, पण दफन उद्या अकराला आहे. तोवर काहीच अडलेलं नाही, सर."

"टूही, मुडदा कुठे आहे?"

"गोधडीचा मुद्दा राहिला, सर. ती मात्र मालकीची वस्तू आहे. पण मालकिणीने ती राजीखुशीने दिली, असं चौकशीत निघालंय."

आणि तिने फोन बंद केला. मुलकेरिनने तिच्यासाठी खुर्ची सरकवली.

"मी खोटं बोलले का?" तिने हळूच विचारलं.

"एक अक्षर नाही," मुलकेरिन म्हणाला. "म्हणून तर भीती वाटली."

७

शनिवारी मिस्साच्या आधी थेडी चर्चमध्ये पेटीत हजर होता. कुणी आणला, कसा आणला, हे गावातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं ते सगळे सकाळी धक्क्यावर होडी ओढायला होते.

कॉर्मॅक तरातरा पेटीपाशी आला. बापाच्या कोटाला चुलीतल्या धुराचा वास येत होता आणि भांग डावीकडे होता. तो बघत राहिला. मग आईजवळ जाऊन त्याने विचारलं, "आत्या रडली का?"

"रागावली," डेलिया म्हणाली. "पोटभर रागावली."

कॉर्मॅकने मान हलवली आणि मंत्र्यांच्या शेजारची जागा सोडून तो आईच्या बाकावर येऊन बसला. लहानपणीचा, नाटकी नसलेला कॉर्मॅक कसा दिसायचा, ते गावाला त्या दिवशी आठवलं.

हॅनली मात्र बधले नाहीत. चर्चच्या पायऱ्यांवरच त्यांनी मुलकेरिनला सांगितलं, "मुडदा आपल्या पायांनी आला. तू काही शोधला नाहीस. महिनाअखेरीला किल्ली माझ्या टेबलावर." मग डर्वलाकडे वळून, "आणि तुझ्याशी सावकाश बोलायचंय," असं म्हणून ते मंत्र्यांच्या मागे गेले.

मुलकेरिन तिथेच उभा राहिला. आपण बरोबर केलं याची त्याला खात्री होती. तरी त्याने खिशातली ठाण्याची किल्ली चाचपून पाहिली.

माती देऊन लोक परतले आणि घरच्यांची हस्तांदोलनं सुरू झाली. एकेकाने यायचं, डेलियाचा हात हातात घ्यायचा, कॉर्मॅकचा घ्यायचा, 'तुमच्यावर प्रसंग आला, वाईट वाटलं' म्हणायचं आणि पुढे जायचं. पण रांग कॉर्मॅकपाशी संपेना. ती फाटकाकडे वळली आणि मुलकेरिनपाशी आली.

पहिला फेस्टी होता. त्याने टोपी काढून मुलकेरिनचा हात धरला. "ठाणं गेल्याचं कळलं, सार्जंट. वाईट वाटलं."

मागून दुकानवाली. "फार चांगलं होतं हो. कुणाला त्रास दिला नाही कधी."

"त्रास काढला नाही फार, हे एक बरं झालं," फादर म्हणाले.

मुलकेरिनला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि मग दोन्ही एकदमच यायला लागलं. तो एकेकाचे आभार मानत राहिला. डर्वला शेजारी अवघडून उभी होती. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

रांगेच्या शेवटी जार्लथ कॉइन होता. त्याने मुलकेरिनचा हात गदागदा हलवला आणि डर्वलाला खालीवर न्याहाळलं.

"ही कोण मयताची?" त्याने विचारलं. "हिचाही हात धरायचा का?"

"धर की," मुलकेरिन नाक पुसत म्हणाला. "घरचीच आहे."

डर्वलाने टोपी काखेत धरली आणि हात पुढे केला.